विषय: नळी न घालता फुप्फुसाचं ऑपरेशन, नंतर कसं असतं?

नमस्कार मंडळी,
ह्यांच्या उजव्या फुप्फुसातली छोटी गाठ दुर्बिणीतून काढायची ठरलीय, पुढच्या आठवड्यात. सर्जन म्हणाले घशात नळी घालणार नाही, झोपेचं औषध देऊ पण श्वास त्यांचा तेच घेतील. ऐकून माझेच हातपाय गार पडले. छाती उघडी असताना माणूस श्वास कसा घेणार? आणि घरी आल्यावर काय काय बघावं लागतं? कुणाचं झालं असेल तर प्लीज लिहा.

---

ताई, माझं सहा आठवड्यांपूर्वी अगदी हेच झालं, म्हणून लिहितोय. "उघडी" वगैरे काही नसतं हो, बरगड्यांच्या मधे एक भोक, माझं 3-4 सेंटिमीटरचं. त्यातून हवा आत गेली की त्या बाजूचं फुप्फुस आपोआप बसतं, दुसरं काम करत राहतं. बरगडीखालच्या नसा बधिर करतात, खोकल्याची उबळ येऊ नये म्हणून आतल्या एका नसेलाही औषध देतात.

जाग आली तेव्हा घसा ठणठणीत, आवाज माझाच, दोन-तीन तासांत पाणी प्यायलो, संध्याकाळी खुर्चीत बसलो आणि घरी फोन करून फुशारकी मारली की काही झालंच नाही म्हणून. रात्री दोनला ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करायचं ते औषध, उतरला. मग कळलं, नळी नव्हती घशात, बरगड्या मात्र त्याच आहेत! तेव्हा ह्यांना सांगून ठेवा, दुखायला लागायची वाट बघायची नाही, गोळी वेळ झाली की घ्यायचीच. (आणि त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, हे कुणी सांगत नाही.)

ड्रेनचा, म्हणजे छातीतली हवा-पाणी बाहेर काढायला बसवलेल्या नळीचा, डबा बघून घाबरू नका. खोकलं की पाण्यात बुडबुडे येतात, म्हणजे अजून हवा गळतेय. माझे तिसऱ्या दिवशी थांबले, एक्स-रे काढला आणि श्वास भरून रोखून धरा म्हणाले, सर्रकन नळी बाहेर, टाका आवळला, संपलं. खोकताना उशी छातीशी गच्च धरायची, श्वासाच्या व्यायामाच्या छोट्या यंत्रावर जागेपणी दर तासाला दहा वेळा, आणि त्या बाजूचा हात रोज डोक्यावर न्यायचा नाहीतर खांदा धरतो.

अजूनही स्तनाखालचा पट्टा बधिर आहे आणि शर्ट घासला की चुरचुरतं. नसेचं दुखणं, हळूहळू जातं म्हणतात. जिना दोन आठवड्यांनी दम न लागता चढलो, पण दुपारी झोप अनावर व्हायची.

---

रिटायर झालेला भूलवाला मधेच तोंड घालतोय. एरवी ह्या ऑपरेशनला दोन पोकळ्यांची जाड नळी लागते, म्हणून नंतर घसा बसतो. बिननळीचं तंत्र कालचं नाही, रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठातल्या सर्जननी 2004 साली 60 पेशंटमधे तुलना करून छापलं होतं, तेव्हा तर पेशंट जागे होते, पाठीत एपिड्युरल, म्हणजे मणक्याजवळ बधिर करायचं इंजेक्शन, देऊन. पण सगळ्यांना चालत नाही, वजन फार असेल किंवा नळी घालायला अवघड असेल तर आम्ही नको म्हणतो. आणि वहिनी, रक्तस्राव झाला, आत चिकटलेलं निघालं किंवा ऑक्सिजन उतरला तर तिथल्या तिथे नळी घालतात, त्याची संमती आधीच घेतात. जागे झाल्यावर घसा दुखला तर काही बिघडलं असं समजू नका, सावधपणे वागले एवढंच.

घरी एकाएकी दम लागला, ताप आला, पोटरी सुजली किंवा मानेची कातडी दाबल्यावर करकरायला लागली, तर मेल लिहीत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

---

सगळ्यांचे आभार, ह्यांना दोन्ही मेल वाचून दाखवल्या. एकच, सुट्टीत विमानाने जायची तिकिटं काढलीयत, ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी. चालेल का?

---

छातीत फुप्फुसाच्या बाहेर हवा राहिली असेल तर अजिबात नाही, केबिनचा दाब उतरला की ती जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. आधी एक्स-रे स्वच्छ यायला हवा, त्यानंतरही निदान आठवडाभर थांबायचं, आणि शेवटचा शब्द सर्जनचा. तिकिटाची तारीख बदलता येते का ते आजच बघून ठेवा.