खिडकीवर सायकलवाल्यालाही मिळायलाच हवं
ड्राइव्ह-थ्रू म्हणजे गाडीत बसूनच हॉटेलच्या खिडकीवर खाणं घ्यायची सोय. ‘मागच्या गाडीवाल्याला सायकल दिसत नाही, म्हणून तिथे सायकल नकोच’ असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. त्या रांगेत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, खरा धोका बाहेरच्या रस्त्यावर. अमेरिकेत पोर्टलंडकडे बर्गरव्हिल या बर्गरच्या दुकानांच्या साखळीने एका सायकलस्वार आईला नाकारलं, ओरड झाली आणि २००९ मध्येच त्यांनी सायकलींना खिडकी खुली केली.

अडचण आहे ती वेगळीच. ऑर्डरच्या फलकापाशी जमिनीखाली बऱ्याच ठिकाणी गाडी आल्याची वर्दी आत देणारं तारेचं वेटोळं असतं. गाडीचं धातूचं धूड त्याला लगेच कळतं, सायकल, त्यातून धातूऐवजी कार्बन फायबरच्या फ्रेमची, बऱ्याचदा कळतच नाही. आत कुणाला पत्ता नाही आणि माणूस बाहेर ताटकळत उभा! एक साधं बटण बसवा की. शिवाय रात्री बऱ्याच ठिकाणी आत जायचं दार बंद, नुसती खिडकी चालू. रात्रपाळीहून सायकलने परतणाऱ्याने खायचं कुठे?