व्हिडिओ कॉलवरचं सोबतीचं जेवण खेड्यातल्या घरात बसवायचं कसं?

गटप्रवर्तक_दर्यापूर
नमस्कार मंडळी. माझ्या भागातली एक मुलगी, 16 वर्षांची, निदान अ‍ॅनोरेक्सियाचं (जाड होण्याच्या भीतीनं खाणं तोडायचा आजार), भरती राहून नुकतीच घरी आलेली. रक्ताचे रिपोर्ट स्थिर आहेत. आहारतज्ज्ञांनी थाळी लिहून दिली आहे आणि समुपदेशक रोज एक जेवण व्हिडिओ कॉलवर सोबत बसून करवणार आहेत. अडचण घरची आहे. आई सकाळी सातलाच कापूस वेचायला जाते, दिवसा घरी फक्त आजी. वेळा कशा बांधायच्या, फोन कुठं ठेवायचा, रेंज गेली तर काय करायचं आणि आजीनं नेमकं काय बोलायचं? "प्रेमानं समजवा" एवढंच सांगू नका, तेवढं आम्हीही सांगतो.

थाळी_मोजून
ताई, आधी वेळा. वेचणीच्या घरात धड जेवणं दोनच होतात, एक सकाळी दहाच्या आत आणि एक दिवेलागणीनंतर. मधल्या नऊ-दहा तासांत हा आजार मोकाट सुटतो. दोन खाण्यांत साडेतीन तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. साडेसहाला आई निघायच्या आधी दूध-पोहे, साडेनऊला केळ किंवा शेंगदाण्याचा लाडू, साडेबाराला जेवण, चारला मधलं खाणं, साडेसातला आईसोबत जेवण, झोपताना दूध. कॉल साडेबाराचा घ्या, कारण दोन मोठ्या जेवणांपैकी त्याच वेळी आई नसते.

दुसरं, बायका मागून जेवायची रीत या घरापुरती बंद करा. सगळ्यांचं उरकल्यावर ही एकटी चुलीपाशी बसली तर ताटात काय आलं आणि पोटात काय गेलं, कोणालाच कळत नाही.

मापाला घरातली एकच वाटी ठरवा, पाणी भरून 150 मिली बघून घ्या. भाकरीचं पीठही मापूनच भिजवा. आजीची भाकर आणि आईची भाकर यात सहज दीडपट फरक पडतो आणि मग ताटावर वाद होतो. वाढायचं मोठ्यांनी. सध्या मुलीला स्वयंपाकात घेऊ नका. तूप वरणातच घालून आणा. वेगळ्या वाटीत दिलं तर ते तिथंच थिजतं. उपाशी राहिलेलं पोट सावकाश रिकामं होतं, थोडं खाल्लं तरी तट्ट फुगतं. पोट दुखतं म्हणाली तर ते नाटक नव्हे. म्हणून ज्वारीच्या थप्पीपेक्षा आकारानं लहान पण भरीव खाणं बरं: शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, तूप, सायीचं दही. काकडी-मुळ्यानं ताट भरू नका. तर्री झणझणीत नको, न जेवायला आयतं कारण मिळतं. जेवताना पाणी एकच पेला, ताकही मापातच.

उष्मांकाचे आकडे मुद्दाम लिहिले नाहीत. इतरांनीही लिहू नका, हा धागा आजारी मुलीही वाचतात.

मानसमित्र_यवतमाळ
फोन समोर नको, बाजूला ठेवा. पाटावर उलटा डबा, त्याला टेकवून, हातभर अंतरावर. ताट, दोन्ही हात, तोंड आणि मांडी एका चौकटीत दिसली पाहिजे. समोरून फक्त चेहरा दिसतो. घास ओढणीत गेला की ताटाखाली, ते दिसत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तिची स्वतःची छबी येते, ती बंद करा किंवा कागदाची पट्टी चिकटवा. नाहीतर जेवण सोडून ती गाल निरखत बसते.

कॉलआधी संडासला जाऊन यायचं, संडास अंगणात असेल तर नक्कीच. जेवणाला 30 मिनिटं, मधल्या खाण्याला 15. त्यानंतर एक तास आजी सोबत, म्हणजे उलटी करायला उठून जाता येत नाही. कॉलवरची ताई पहिली पंधरा-वीस मिनिटं थांबेल, पुढचं आजीचं. समुपदेशकानंही त्याच वेळी, दिसेल असं पूर्ण जेवण घ्यायचं. चहाचा कप घेऊन बसणारी व्यक्ती मुलीला नेमकं उलटं शिकवते.

रेंजचा नियम आधीच ठरवून भिंतीला लावा. व्हिडिओ तुटला तर दोन मिनिटांत साधा कॉल, स्पीकरवर. तोही लागला नाही तर आजीसोबत जेवण चालूच. "रेंज आली की जेवते" हे एकदा मान्य केलं की रोज रेंज जाते! भारनियमनाचं वेळापत्रक बघून फोन चार्ज करून ठेवा.

आजीनं बोलायचं थोडं आणि तेच ते: "जड जाते, माहीत हाय मले. हा घास घे. मी इथंच हाय." घास थांबला तर मिनिटभर वाट पाहून पुन्हा तेच. ताटावर घासाघीस नाही, "दोनच घास कमी" हा सौदा नाही, शपथा नाहीत. "गाल वर आले", "आता बरी दिसते" हे तर बिलकुल नको. तिच्या कानाला ते "जाड झाली" असंच ऐकू येतं. शेजारणींनाही सांगून ठेवा. गप्पा जेवणाबाहेरच्या: गावाच्या नावांच्या भेंड्या, कोडी, मालिकेतली भांडणं. कापसाच्या भावाचा विषय नको, त्यानं घरातल्यांच्याच घशाखाली घास उतरत नाही. अर्धा तास झाला की ताट उचला. राहिलेलं लिहून ठेवा आणि त्याबदली काय द्यायचं ते आहारतज्ज्ञांनी आधीच ठरवून दिलेलं असू द्या.

ती 18 च्या आतली आहे. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टरांच्या ऑनलाइन तपासणीतही सोबत मोठं माणूस लागतंच. पडद्यावरची ताई ताट धरू शकत नाही. खरं काम आजीचंच.

परिचारिका_आर्वी
कॉल कधी पुरत नाही तेही लिहून ठेवा. पाच मिनिटं निजवून पूर्ण 60 सेकंद नाडी मोजा. 50 च्या खाली, वरचा बीपी 90 च्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, वारंवार उलट्या किंवा खाणं पूर्ण बंद, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी रुग्णालय. नाडी-बीपी उपकेंद्रात होतं. पाच दिवसांहून जास्त जवळपास काहीच पोटात गेलं नसेल तर घरी एकदम ताट वाढू नका. अन्न सुरू होताच रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं आणि हृदयावर येतं. पायावर सूज, धाप, भ्रम ही त्याची चिन्हं.
वजन घरी नको. केंद्रावर, लघवी करून आल्यावर, तिची पाठ काट्याच्या आकड्याकडे. काट्याआधी पोटभर पाणी पिऊन येतात, त्यावर लक्ष असू द्या.
उलटी झालीच तर लगेच ब्रश नको, चूळ भरा. आम्लानं मऊ झालेलं दाताचं आवरण घासलं जातं.

गटप्रवर्तक_दर्यापूर
धन्यवाद. दोन शंका. समुपदेशक म्हणतात भाकर चुरणं हे आजाराचं लक्षण, पण आमच्याकडे सारेच काला करून जेवतात. आणि पुढं हरतालिका येईल, घरचे अडून बसतील.

मानसमित्र_यवतमाळ
काला वरणात भिजतो आणि तोंडात जातो. आजारातलं चुरणं कोरडं असतं, ताटभर पसरतं आणि वीस मिनिटांनी ढीग तेवढाच दिसतो. समुपदेशकांना आजीचं जेवण एकदा कॉलवर दाखवा, फरक लगेच कळेल.

हरतालिकेचं उत्तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीनं कागदावर घ्या: पूर्ण बरी होईपर्यंत निर्जळ तर नाहीच, फराळाचाही उपवास नाही. डॉक्टरांचा कागद आजी मानते. आईचा गुरुवार असेल तर तिनं आपला फराळ त्याच वेळी, मुलीसमोर बसून पूर्ण खावा. रिकामं ताट घेऊन शेजारी बसलेल्या आईनं कितीही "जेव" म्हटलं तरी उपयोग नाही.

थाळी_मोजून
रात्री घरच्यांचाच धीर सुटला तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत. तिथं बोलून आधार मिळतो; सोबतीचं जेवण मात्र ते करवत नाहीत, तेवढं घरच्यांना आधी सांगा.