मदत हवी आहे: जुना राउटर बदलायचा आहे, एकच मोठा घ्यावा की दोन साधे?

नमस्कार.

घरातील वाय-फाय राउटर बदलायचे ठरवले आहे, परंतु नव्या राउटरच्या खोक्यांवरील आकडे जितके वाचावेत तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. परिस्थिती शक्य तितकी नेमकी मांडते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाजाने सांगावे लागणार नाही.

सध्याचा राउटर ८०२.११एसी म्हणजे वाय-फाय ५ पिढीतला, ‘एसी१२००’ वर्गाचा आहे. त्याला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड आणि बाहेर चार अँटेना आहेत. निर्मात्याने त्याच्यासाठी नवे फर्मवेअर (राउटरच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) देणे केव्हाच बंद केले असून सुरक्षेसाठी त्यात डब्ल्यूपीए२ या जुन्या वाय-फाय सुरक्षा पद्धतीपर्यंतचीच सोय आहे. इंटरनेट फायबरचे असून प्लॅन नुकताच वाढवून ३०० एमबीपीएस करून घेतला आहे. सेवा देणाऱ्या कंपनीने लावलेल्या फायबरच्या डब्यातून केबलने जोडणी या राउटरपर्यंत येते.

घर लांबट आहे. फायबर बैठकीच्या खोलीत एका टोकाला येते आणि जिथे खरे काम चालते ती अभ्यासाची खोली दुसऱ्या टोकाला आहे. मध्ये विटांच्या दोन जाड भिंती आणि त्यांपैकी एकीला टेकून उभे असलेले लोखंडी कपाट आहे. ते कपाट हलवता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मोजमापे अशी आहेत. राउटरसमोर उभे राहून ५ गिगाहर्ट्झवर वेग ९३ ते ९४ एमबीपीएस मिळतो. फोन असो वा लॅपटॉप, आकडा तोच. अभ्यासाच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ७८ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) असून वेग १५ ते २० च्या मध्ये हेलकावे खातो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे उणे ६६ पर्यंत सुधारतो, पण संध्याकाळी शेजारपाजारची सगळी नेटवर्क जागी झाली की त्याचाही उपयोग राहत नाही आणि व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटू लागतो.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: वाय-फाय ६ चा ‘एएक्स३०००’ वर्गातील एकच ताकदवान राउटर घेणे, दोन नगांचा मेश संच (एकच नेटवर्क मिळून पसरवणारी केंद्रे) घेणे, किंवा वाय-फाय ६ चा साधा राउटर घेऊन जुना अभ्यासाच्या खोलीत दुसरे केंद्र म्हणून वापरणे. शिवाय वाय-फाय ७ येऊनही आता काही काळ झाला आहे, तेव्हा थेट तिकडेच उडी मारावी का, हाही प्रश्न आहे. घरात एक जुना प्रिंटर आणि काही स्मार्ट प्लग आहेत. ती सारी उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात.

प्रतिसाद १

तुमच्या मोजमापांतील सर्वांत बोलका आकडा ९३-९४ हा आहे. दोन वेगवेगळी उपकरणे अगदी जवळून मोजूनही त्याच आकड्यावर अडत असतील, तर ती वाय-फायची मर्यादा नसते. वाय-फायचा वेग वर-खाली होत राहतो; असा घट्ट बसलेला आकडा केबलच्या वाटेवर मिळतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्ष साधारण ९४ च निघतात.

‘एसी१२००’ या नावातील १२०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची गोळाबेरीज. ती दोन वेगळ्या बँडवरच्या सैद्धांतिक कमाल वेगांची बेरीज असल्यामुळे कोणत्याही एका फोनला तेवढा वेग कधीच मिळत नाही, आणि या वर्गातील पुष्कळ राउटरच्या मागचे पोर्ट तर केवळ १०० एमबीपीएसचेच असतात. खोक्यावर १२०० ठळक छापायचे आणि पोर्टची गोष्ट तळाच्या बारीक अक्षरांत उरकायची, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे.

तरीही राउटर मोडीत काढण्यापूर्वी केबल तपासा. १०० एमबीपीएसला केबलमधील तारांच्या दोन जोड्या पुरतात, पण गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) चारही लागतात. एखादी तार तुटली असेल किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्हीकडची उपकरणे निमूटपणे १०० वर उतरतात आणि कसलीही सूचना देत नाहीत. लॅपटॉपला केबलचे पोर्ट असल्यास फायबरच्या डब्याला त्याच केबलने थेट जोडून वेग मोजा. फक्त एक लक्षात घ्या: इंटरनेटचे लॉगिन तो डबा करत असेल, तरच ही चाचणी अशी सरळ होईल, लॉगिन तुमच्या राउटरमध्ये भरलेले असेल तर लॅपटॉपवर तशी जोडणी करून घ्यावी लागेल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त अभ्यासाच्या खोलीबद्दल लिहितो, कारण राउटरजवळचा वेग ९४ वरून ३०० झाला तरी तुमची मूळ तक्रार तिथल्या तिथेच राहील.

उणे ६६ आणि उणे ७८ या आकड्यांत १२ डेसिबलचा फरक आहे. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या खोलीत २.४ च्या सोळाव्या हिश्शाएवढाच पोहोचतो आहे. व्हिडिओ कॉल सुरळीत चालण्यासाठी सिग्नल उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. विटांची भिंत सिग्नल कमी करते, पण लोखंडी पत्रा तो परतवूनच लावतो, त्यामुळे कपाटामागच्या जागेत रेंज नसणे स्वाभाविक आहे.

‘ताकदवान’ राउटर घेऊन हे सुटेल असे मला वाटत नाही. प्रक्षेपणाच्या शक्तीवर प्रत्येक देशात कायद्याने कमाल मर्यादा असते आणि बहुतेक राउटर तिच्या जवळपासच असतात. अँटेनांच्या संख्येवरूनही पल्ला ठरत नाही. त्यातून संभाषण दुतर्फा चालते. गच्चीवरून कर्ण्यावर बोलणाऱ्याचा आवाज अंगणात स्वच्छ ऐकू येतो, पण अंगणातल्याने साध्या आवाजात दिलेले उत्तर वर पोहोचत नाही. तुमच्या फोनची गत अंगणातल्या माणसासारखी आहे. राउटर बदलल्याने फोनचा आवाज मोठा होत नाही.

म्हणून दुसरे केंद्र त्या खोलीत किंवा तिच्या दारापाशी हवेच. ते केबलने जोडता आले तर उत्तम. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीलगत पट्टीतून केबल नेता येईल का?

धागाकर्ती

दोघांचेही आभार. केबलची चाचणी केली. लॉगिन फायबरच्या डब्यातच आहे. त्याच केबलने लॅपटॉप थेट जोडल्यावर २९० च्या पुढे वेग मिळाला, म्हणजे केबल निर्दोष आहे. जुन्या राउटरच्या तळाचे लेबल भिंगाखाली वाचले तर तिथे ‘१०/१००’ असे स्पष्ट छापलेले आहे.

केबल नेता येईल असे दिसते. छताजवळच्या पट्टीतून नेली तर साधारण २० मीटर लागेल. मग मेश संचाची गरज उरते का? आणि जुना राउटर दुसऱ्या टोकाला ठेवण्यात शहाणपण आहे का?

प्रतिसाद ३

केबल होत असेल तर मेशच्या नावासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. बिनतारी मेशची खरी अडचण अशी की दोनच बँड असलेल्या संचात दूरचा नग ज्या रेडिओवर माहिती घेतो, बहुधा त्याच रेडिओवर ती पुढे पाठवतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय तो नग रेंज नसलेल्या खोलीत ठेवून चालत नाही, अर्ध्या वाटेवर ठेवावा लागतो. केबलने जोडलेल्या केंद्राला यांतले काहीच लागू होत नाही.

जुना राउटर मात्र ठेवू नका. दूरच्या टोकाला पुन्हा १०० चेच पोर्ट आले, तर जिथे काम करायचे तिथेच वेग ९४ वर अडेल. व्हिडिओ कॉलला ९४ सुद्धा भरपूर होतात हे खरे, पण फर्मवेअर बंद पडलेले उपकरण नेटवर्कमध्ये ठेवणे मला पटत नाही.

प्रतिसाद ४

शेवटच्या मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. केवळ ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवण्यासाठी, वापरलेल्या राउटरचा इंटरनेटशी थेट सामना होत नाही, त्यामुळे धोका पुष्कळ कमी होतो; शून्य होत नाही, इतकेच. त्या राउटरला ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चालत असेल, तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत राहतील. अर्थात ते चढवण्याची खटपट करण्याची तयारी हवी, आणि पोर्ट १०० चेच राहणार.

वाय-फाय ७ बद्दल थोडक्यात सांगतो. त्याचे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्यातला ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल फक्त ६ गिगाहर्ट्झ बँडवर चालतो. हा बँड भिंतींपुढे ५ पेक्षाही लवकर हात टेकतो आणि प्रत्येक देशात त्याची मुभा सारखी नाही. तुमचे फोन आणि लॅपटॉप त्या पिढीचे नसतील, तर ३०० एमबीपीएसच्या जोडणीला त्याचा काहीच लाभ नाही.

‘एएक्स३०००’ चेही तसेच आहे. त्यातले २४०२ एमबीपीएस १६० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर मिळतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये एवढा रुंद चॅनल घेतला की बहुतेक देशांत तो रडारसाठी राखलेल्या भागात शिरतो, आणि राउटरला रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडावाच लागतो. ८० मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांच्या फोनची जोडणी १२०१ एमबीपीएसची होते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून अधिक वेग जवळून सहज मिळतो. ‘एएक्स१८००’ वर्गही तेच देतो.

संध्याकाळी कॉल तुटण्याचे आणखी एक कारण तपासा. फोनमधली छायाचित्रे आपोआप वर चढत असताना पिंग (संदेश जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ) मोजा. एरवी १० मिलिसेकंद असलेला पिंग तेव्हा काहीशेवर जात असेल, तर दोष रेंजचा नसून अपलोडच्या रांगेचा आहे, आणि त्यावर राउटरमधील एसक्यूएम ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय कामी येते. खोक्यावर नुसते ‘क्यूओएस’ (कोणत्या वापराला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) लिहिलेले असले म्हणून ते एसक्यूएम असतेच असे नाही.

धागाकर्ती

पिंगची चाचणी दोन्ही प्रकारे केली. राउटरजवळ बसून अपलोड चालू ठेवले तर पिंग ३०-४० च्या वर जात नाही. अभ्यासाच्या खोलीत मात्र अपलोड नसतानाही तो २०० च्या पुढे उडतो. म्हणजे माझ्याकडे रांगेपेक्षा रेंजचाच दोष मोठा आहे. एसक्यूएमसाठी अडून बसणार नाही.

एकंदर चर्चेवरून ठरवले आहे ते असे: ‘एएक्स१८००’ वर्गाचे, सर्व पोर्ट गिगाबिट असलेले आणि ॲक्सेस पॉइंट मोडची सोय असलेले एकाच निर्मात्याचे दोन साधे राउटर घ्यायचे. त्या निर्मात्याने अलीकडच्या काळात जुन्या मॉडेलांना नवे फर्मवेअर दिले आहे का, हे त्याच्या संकेतस्थळावर पाहूनच मॉडेल निवडेन. वेगाच्या आकड्यापेक्षा मला आता ते महत्त्वाचे वाटते. जुना राउटर निवृत्त.

दोन शंका उरल्या आहेत. फायबरच्या डब्यातही राउटर आहे, तेव्हा त्याच्यामागे दुसरा लावल्याने काही बिघडते का? आणि २० मीटरसाठी केबल कोणत्या प्रतीची घ्यावी?

प्रतिसाद २

एकामागे एक दोन राउटर लावले की उपकरणांच्या नेटवर्क-पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. साधे ब्राउझिंग आणि कॉल त्यात अडत नाहीत, पण काही ऑनलाइन खेळ आणि बाहेरून घरातला कॅमेरा पाहणे यांत अडथळा येतो. कंपनी डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे त्यातले राउटरचे काम बंद करून) टाकून देत असेल तर तसे करून घ्या. मात्र मग लॉगिनचा तपशील तुमच्या राउटरमध्ये भरावा लागेल, म्हणून तो आधी मागून घ्या. कंपनी नाही म्हणाली, तर दोन्ही नवे राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा आणि डब्याचे स्वतःचे वाय-फाय बंद करा.

नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, म्हणजे प्रिंटर आणि प्लग आपापले जोडले जातील. सुरक्षा डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ अशी मिश्र ठेवा. नुसते डब्ल्यूपीए३ ठेवले तर जुनी उपकरणे बाहेर राहतील. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) बंदच करा, त्याच्या पिनमधील कच्चा दुवा २०११ मध्येच उघड झालेला आहे. दोन्ही केंद्रांवर २.४ चा चॅनल २० मेगाहर्ट्झचाच ठेवून एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या.

केबल कॅट ५ई प्रतीची पुरे. गिगाबिटसाठी ती १०० मीटरपर्यंत चालते. कॅट ६ घेतली तरी हरकत नाही, पण ती जाड आणि ताठ असल्यामुळे चौकटीच्या कोपऱ्यांवर वळवताना त्रास देते. निखळ तांब्याच्या तारांचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, परंतु वाकवताना आतली तार तुटली की पुन्हा १०० वर येऊन बसाल. विजेच्या तारांच्या पट्टीतून नेऊ नका, दोन्ही टोकांना मीटरभर जास्तीची ठेवा, आणि पट्टीचे झाकण लावण्यापूर्वी लॅपटॉप जोडून लिंक १००० दाखवते आहे ना, हे पाहून घ्या.