रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे : कुटुंबाने काय करावे?

प्रश्न : औदुंबर

माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, तर कधी खोल नैराश्य) असल्याचे निदान झाले. गेल्या महिन्यात नैराश्य फार वाढले आणि त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळेत लक्षात आल्यामुळे तो वाचला. गेले तीन आठवडे तो मनोविकार विभागात दाखल आहे आणि येत्या शनिवारी त्याला घरी सोडणार आहेत. आम्हाला दाखवलेल्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे आणि ‘एक महिन्याने दाखवणे’ एवढेच लिहिलेले आहे.

आई-वडिलांचे म्हणणे असे, की तो आता बरा झाला आहे, झालेला विषय घरात पुन्हा काढला नाही तर तो हळूहळू विसरेल. मला मात्र रात्र-रात्र झोप लागत नाही. ते विचार अजून येतात का, असे त्याला सरळ विचारावे का? विचारल्याने ते पुन्हा जागे तर होणार नाहीत? आम्ही सांगली जिल्ह्यातील एका गावात राहतो, द्राक्षबाग असल्यामुळे फवारणीची औषधे घरातच असतात आणि मनोविकारतज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर आहेत. पोलिसांचे काही लचांड मागे लागेल, अशीही भीती वडिलांच्या मनात आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त परिचारिका

ताई, मी बावीस वर्षे मनोविकार विभागात काम केले आहे, त्यामुळे आधी तुमच्या हातातील कार्डाबद्दल बोलते. ‘एक महिन्याने दाखवणे’ हे तुमच्या भावाच्या बाबतीत पुरेसे नाही. मानसिक आजारासाठी दाखल झालेल्या माणसाला घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत जोखमीचे असतात. वेगवेगळ्या देशांतील शंभर अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2017 साली प्रसिद्ध झाले, त्यातही हेच दिसले. इंग्लंडमध्ये तर घरी सोडल्यापासून 72 तासांच्या आत रुग्णाशी संपर्क व्हावा, असा दंडक आहे.

यामागचे कारण आम्ही वॉर्डात नेहमी पाहत असू. आत असताना जेवण, झोप, गोळ्या, बोलायला माणूस, सगळे वेळच्या वेळी मिळते. घरी आल्यावर नोकरी, पैसा, शेजाऱ्यांच्या नजरा हे प्रश्न होते तसेच समोर उभे राहतात. शिवाय औषधांनी अंगात हालचाल आणि उत्साह आधी येतो, मनातली निराशा मागाहून ओसरते. त्यामुळे माणूस बाहेरून बरा दिसत असतो तेव्हा घरच्यांचे लक्ष नेमके सैल होते. तुमच्या आई-वडिलांचा यात दोष नाही, बहुतेक घरांत असेच घडते.

शनिवारच्या आधी डॉक्टरांची वेळ मागून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 98 नुसार, रुग्णाला घरी सोडताना पुढील उपचारांविषयी त्याच्याशी आणि ज्या नातेवाइकांकडे तो राहणार आहे त्यांच्याशी विचारविनिमय करणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. तेव्हा विचारण्यात संकोच नको. पहिली भेट आठवड्याच्या आत मागा, अधल्यामधल्या दिवसांत फोन कोणाला करायचा ते लिहून घ्या आणि लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू असेल तर त्याची रक्तातील पातळी केव्हा तपासायची ते विचारा. गोळ्या एकदम महिनाभराच्या न आणता आठवड्याच्या आणाव्यात आणि घरातील एकाने सांभाळाव्यात. फवारणीची औषधे तर तो येण्यापूर्वीच घरातून आणि मळ्यातून हलवून विश्वासातील दुसऱ्या कोणाकडे कुलपात ठेवा. जीव देण्याच्या विचारांची लाट बहुधा काही वेळाने ओसरते, आणि त्या वेळात हाताशी काही नसणे यानेच अनेकांचे प्राण वाचतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. विचारल्याने विचार जागे होत नाहीत, उलट एकट्याने ओझे वाहणाऱ्या माणसाला ते खाली ठेवायला जागा मिळते. मात्र कसे विचारता याला महत्त्व आहे. आपल्याकडे ‘आता तसलं काही डोक्यात नाही ना?’ असे विचारतात. त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आधीच दडलेले असते, आपण घाबरू नये यासाठी समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी शांतपणे बसून ‘जीव द्यावा असे विचार अजून येतात का? किती वेळा येतात?’ असे विचारा, आणि उत्तर ‘हो’ आले तर रडू किंवा उपदेश न करता ऐकून घ्या. विचार तीव्र असतील, काही ठरवल्यासारखे वाटले, तर त्याला क्षणभरही एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

उत्तर : स्वतः रुग्ण

मला हाच आजार आहे आणि मीही एकदा अशाच प्रकारे घरी परतलो आहे, म्हणून आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

माझ्या घरच्यांनी गोळ्या लपवल्या, दाराची आतली कडी काढून टाकली, आणि यातले काहीच मला सांगितले नाही. त्यामागची माया मला आज कळते, पण तेव्हा आपल्यावर पाळत आहे एवढेच जाणवले आणि मी बोलणेच बंद केले. तुम्ही जी काळजी घ्याल ती त्याला सांगून घ्या. ‘तुझ्यावर अविश्वास नाही, वाईट वेळ आली तर ती निभावणे तुला सोपे जावे म्हणून हे करतो आहोत’, एवढे वाक्य मला कोणी म्हणाले असते तर फार फरक पडला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे सुरक्षा आराखडा. माझ्या समुपदेशिकेने तो माझ्याकडून माझ्याच अक्षरात लिहून घेतला. वाईट वेळ जवळ आल्याची माझी लक्षणे कोणती (माझ्या बाबतीत तीन रात्री झोप उडणे आणि फोन न उचलणे), तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कोणाकडे जाऊन बसू शकतो, कोणाला खरे सांगू शकतो, कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, घरातून काय दूर ठेवायचे. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत घडवली. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासात, हा आराखडा करून घेऊन नंतर फोनवर पाठपुरावा केलेल्यांमध्ये पुढील सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन जवळपास निम्म्याने कमी आढळले. माझ्या कागदावर तिसऱ्या ओळीत वहिनीचे नाव आहे. ती कधी काही विचारत नसे. रोज चार वाजता चहा घेऊन माझ्या खोलीत येऊन बसत असे.

उत्तर : वकील, कोल्हापूर

आपल्या वडिलांना निश्चिंत राहण्यास सांगावे. 2017 च्या कायद्यातील कलम 115 नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही; उलट तिला उपचार आणि पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 राहिलेलेच नाही. रुग्णालयाने पोलिसांना कळवले असेल आणि ते जबाबासाठी आले, तरी घाबरण्याचे कारण नाही.

उत्तर : निवृत्त परिचारिका

एक राहून गेले. तज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर आहेत म्हणालात, म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला; तो निःशुल्क आहे, रात्रीअपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. आणि नुसत्या फोनला कमी लेखू नका. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेल्या 1,867 जणांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाला तासभर समजावून सांगून पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढेच केले होते. त्या गटात आत्महत्येने 0.2 टक्के मृत्यू झाले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 2.2 टक्के.

प्रतिसाद : औदुंबर

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आज डॉक्टरांना भेटले. त्यांनी पुढच्या बुधवारची वेळ दिली आणि कार्डावर वॉर्डाचा क्रमांक लिहून दिला. फवारणीची औषधे मामांच्या गोदामात हलवली. संध्याकाळी भावाजवळ बसून, ‘नाही ना’ न जोडता, विचारले. बराच वेळ तो गप्प होता, मग म्हणाला, की पहाटे येतात. आराखड्याच्या कागदासाठी त्याने माझ्याकडून वही मागून घेतली आहे.