मदत हवी आहे: लेकीला केसीएनक्यू-१ या जीनचा दोष निघालाय, दिरांना मुलांच्या तपासणीसाठी कसं राजी करू?

नमस्कार मंडळी,
जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझी लेक ११ वर्षांची. मे महिन्यात पोहण्याच्या शिबिरात टँकच्या मध्यावर एकदम थांबली आणि हात न मारता सरळ खाली गेली, सरांनी उडी मारून काढली, मिनिटभरात शुद्धीवर आली. सगळ्यांनी फिट म्हटलं, मेंदूचा ईईजी नॉर्मल तरी दोन महिने फिटच्या गोळ्या दिल्या. मग शाळेत पकडापकडी खेळताना परत पडली तेव्हा कुठे पहिल्यांदा ईसीजी काढला. क्यूटीसी, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ (मिलिसेकंदांत), ४९४ आला, तो ४६०च्या आत हवा म्हणे. लाँग क्यूटी सिंड्रोम. जीन टेस्टमधे केसीएनक्यू-१चा दोष निघाला.

जेनेटिक्सच्या मॅडमनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने चार पाकळ्या काढल्या, मधे भोक. म्हणाल्या हा जीन अकराव्या क्रोमोसोमवर असतो, त्यावरून हृदयाच्या पेशीच्या पडद्यातलं पोटॅशियमचं दार बनतं, चार तुकडे जुळून एक दार. ठोका पडला की पोटॅशियम त्यातून बाहेर जातं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. पळताना पोहताना ठोके भरभर पडतात तेव्हा हे दार जास्त उघडायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच हिचं उघडत नाही. आता प्रोप्रॅनोलॉल (ठोके आवरणारी गोळी) चालू आहे, पोहणं बंद, पोर ठीक आहे.

खरा प्रश्न पुढे आहे. दोष यांच्याकडून आलाय. यांचा ईसीजी अगदी नॉर्मल, ४३८, पण जीन पॉझिटिव्ह. आणि यांची आत्या, म्हणजे अण्णांची (माझे सासरे) बहीण, १७व्या वर्षी गावच्या विहिरीत गेली. पट्टीची पोहणारी होती, रोज त्याच विहिरीत पोहायची. तेव्हापासून घरात गावात सगळे दबक्या आवाजात म्हणायचे की तिने जीव दिला. मी हे सगळं अण्णांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ गप्प बसले आणि मग एवढंच विचारलं, "म्हणजे तिने उडी मारली नव्हती?" मला काय बोलावं सुचेना. आता तपासायला काही उरलेलं नाही, पण मला तरी वाटतं ती याच्यानेच गेली.

कोल्हापूरला दीर आहेत, त्यांची मुलगी २२ची, मुलगा १४चा, तो रोज सकाळी पंचगंगेत पोहायला जातो. दीर म्हणतात पोरं ठणठणीत आहेत, पोरीचं लग्नाचं बघतोय, असला कागद घरात नको. मला रात्र रात्र झोप नाही. काय सांगू त्यांना? नुसता ईसीजी काढला तर चालेल का? आणि सासूबाई लेकीला रोज तीन केळी देतात पोटॅशियमसाठी, त्याने फरक पडतो का?

प्रतिसाद, डॉ_अनु:
ताई, ईसीजी नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही. जीनमधे दोष असलेल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांचा क्यूटीसी नॉर्मलच येतो, तुमच्या मिस्टरांचाच दाखला द्या. आधी दिरांची टेस्ट करा. ते निगेटिव्ह आले तर त्यांच्या मुलांचा प्रश्नच मिटला, पॉझिटिव्ह आले तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. तोपर्यंत मुलाचं पोहणं थांबवा, आजपासून. २००१ साली ६७० रुग्णांचा अभ्यास झाला होता, त्यात केसीएनक्यू-१च्या प्रकारच्या रुग्णांचे ६२ टक्के झटके व्यायाम करताना आले होते, आणि पोहणं तर या प्रकाराचं खास कारण आहे.
केळी खाऊ देत, पण त्याने दार दुरुस्त होत नाही. जुलाब उलट्या झाल्या तर मात्र पोटॅशियम खरंच उतरतं, लगेच दवाखाना गाठा. आणि उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, डॉमपेरिडॉन किंवा घशासाठी अझिथ्रोमायसिन कुणी लिहून दिलं तर आधी हा आजार सांगा, या गोळ्यांनी क्यूटी अजून लांबतो. प्रोप्रॅनोलॉलचा एकही डोस चुकवू नका.

प्रतिसाद, कृष्णाकाठ:
आमच्याकडे दुसऱ्या आजारात असंच झालेलं. दिरांशी वाद घालू नका, जावेशी एकटीने बोला. आणि आत्याचं अण्णांनाच सांगू दे. भावजयीचं कुणी ऐको न ऐको, बापाने स्वतःच्या बहिणीचं सांगितलं तर मुलगा ऐकेल.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. जावेला काल फोन केला, तिला आत्याचं काहीच माहीत नव्हतं, रडली, मुलाला नदीवर पाठवत नाही म्हणाली. अण्णा स्वतःहून म्हणाले आधी माझं रक्त घ्या. रविवारी त्यांना घेऊन कोल्हापूरला जातोय. डॉ_अनु, एकच विचारायचंय, लॅबला लेकीचा रिपोर्ट दाखवला तर तेवढाच एक दोष बघतात ना, की सगळ्यांची परत पूर्ण टेस्ट करावी लागते?

डॉ_अनु:
तेवढाच बघतात, खर्चही बराच कमी. लेकीच्या रिपोर्टची पूर्ण कॉपी न्या, दोषाचा नेमका क्रमांक त्यात असतो, तो नसेल तर लॅबला काय शोधायचं तेच कळत नाही. आणि अण्णांचा ईसीजीही काढून घ्या.