वजन उचलताना पायात काय घालावे? बूट निवडण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

मांजराकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार. पस्तिशी ओलांडल्यावर मी बारबेलचा (टोकांना वजने लावलेल्या लांब दांड्याचा) व्यायाम सुरू केला असून सध्या स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बैठक), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार वर ढकलणे) आणि उभ्याने डोक्यावर वजन नेण्याचा प्रेस असे चारच मुख्य प्रकार करतो. स्क्वॉट 80 किलोपर्यंत आला आहे आणि तिथे गाडी अडली आहे. मांड्या जमिनीला समांतर येण्याच्या जरा आधी टाचा हलक्या होतात, छाती पुढे झुकते आणि वर येताना उजवा गुडघा आत वळतो. पायात पळण्याचे बूट असतात. सकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडे फिरायला जाताना घालतो तेच.

जिमचे मालक म्हणतात की उंच टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट घ्या. सोबत व्यायाम करणारे एक मित्र पूर्वी तालमीत जात असत, त्यांच्या मते अनवाणी पायासारखे दुसरे काही नाही. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांचेही अंग त्यांच्या बोलण्याची साक्ष देते, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरत नाही. उंच टाचेचे बूट इथल्या दुकानांत पाहायलाही मिळत नाहीत, म्हणजे पायात न घालताच ऑनलाइन मागवावे लागणार, आणि परदेशी कंपन्यांचे जोड दहा हजारांच्या पुढे जातात. इतका खर्च करण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. माझी अडचण बुटांची आहे की माझ्या शरीराची? आणि चारही प्रकारांना एकच जोड चालेल का?

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

आपण विचारलेले दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि त्यांचा क्रमही योग्य आहे. मी अनेक वर्षे मुलांना भारोत्तोलन शिकवत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पळण्याचे बूट स्क्वॉटसाठी आजच बाजूला ठेवा. त्या बुटांत दोष काही नाही, त्यांचे काम वेगळे आहे. पळताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार क्षणभर येतो आणि तो धक्का शोषून घेण्यासाठी टाचेखाली मऊ फोमचा जाड थर दिलेला असतो. स्क्वॉटमध्ये पायाला धक्का नको असतो, आधार हवा असतो. आपले वजन 70 किलो धरले तर बारसह 150 किलोंचा भार दोन तळांवर काही सेकंद सलग राहतो. फोम त्याखाली दबतो आणि सगळीकडे सारखा दबत नाही. चालण्याच्या सवयीने तो ज्या बाजूला आधीच झिजलेला असतो तिकडे जास्त दबतो. पाऊल तिकडे कलते, पावलामागून नडगी कलते आणि नडगीमागून गुडघा जातो. आपला बूट टेबलावर ठेवून मागच्या बाजूने पाहा. टाचेजवळच्या फोमवर आतल्या बाजूस आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या आणि बाहेरची बाजू तुलनेने कोरी असली, तर गुडघा आत वळण्याचे निदान एक कारण तिथेच सापडले असे समजा. अंगठ्याने टाच दाबून पाहिली तरी अंदाज येतो. अंगठा रुतत असेल तर तो तळ बारबेलसाठी नव्हे.

आता उंच टाचेविषयी. वेटलिफ्टिंगच्या बुटाचा तळ न दबणारा असतो आणि टाच चवड्यापेक्षा साधारण 15 ते 22 मिलिमीटर उंच असते. जुन्या काळी ही टाच लाकडाची किंवा चामड्याचे थर एकावर एक चढवून केलेली असे. आता बहुधा कडक प्लॅस्टिकची असते. वरून एक-दोन आडवे पट्टे पाऊल आवळून धरतात. ही रचना भारोत्तोलनातल्या स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर नेणे) आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर नेणे) यांच्या गरजेतून आली. सांगलीच्या संकेत सरगर यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा स्नॅचमध्ये 113 किलो उचलले होते. एवढे वजन डोक्यावर हात ताठ ठेवून पेलायचे आणि त्याच वेळी पूर्ण खोल बैठकीत धड उभे ठेवायचे, तर गुडघे बोटांच्या बरेच पुढे जावे लागतात. ते घोट्याच्या वाकण्यावर अवलंबून असते. टाच उंच असली की नडगी तेवढीच पुढे झुकते, पण घोट्याला कमी वाकावे लागते. बुटाची टाच बळ देत नाही, जागा करून देते.

म्हणून ज्याचा घोटा पुरेसा वाकत नाही, किंवा ज्याच्या मांड्या धडाच्या मानाने लांब आहेत, आणि जो बार मानेजवळ उंच ठेवून खोल बसतो, त्याला या बुटांचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. बार पाठीवर खाली ठेवून, पाय रुंद घेऊन, कंबर मागे नेत बसणाऱ्याला तो फारसा कळत नाही. असे अनेक जण सपाट तळाच्या बुटांतच भारी वजने घेतात. आपण बार कुठे ठेवता हे लिहिले नाही. ते कळवा.

पैसे घालवण्याआधी एक परीक्षा करा. सुताराकडून दोन सेंटिमीटर जाडीची, दोन्ही टाचा मावतील एवढी सलग फळी आणा, ती डुगडुगत नाही याची खात्री करा, तिच्यावर टाचा ठेवा आणि रिकाम्या बारने, मग 40 किलोपर्यंत स्क्वॉट करून पाहा. टाचा टेकलेल्या राहिल्या आणि छाती वर राहिली तर उंच टाचेने फायदा होणार हे नक्की. काहीच फरक पडला नाही, तर आपले दहा हजार वाचले. फळीवर भारी वजन मात्र घेऊ नका, कारण पाय मागे-पुढे झाला तर सावरता येत नाही.

वजिराबाद (नांदेड)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टच्या) स्पर्धांत भाग घेते, म्हणून डेडलिफ्टबद्दल लिहिते.

दादा, डेडलिफ्टला उंच टाचेचे बूट घालू नका. बार जमिनीवरून उचलायचा असतो आणि आपण जितके उंच उभे राहू तितके त्याचे अंतर वाढते. तळ तीन सेंटिमीटर जाड असेल तर प्रत्येक वेळी बार तेवढा जास्त ओढावा लागतो. शिवाय उंच टाच शरीर पुढे ढकलते आणि बार नडगीपासून सुटतो. यासाठी तळ पातळ आणि सपाट हवा. स्पर्धेत आम्ही डेडलिफ्टच्या खास सपाता घालतो, कारण तिथे अनवाणी पायांना परवानगी नसते आणि नडगी झाकणारे लांब मोजेही घालावे लागतात. सरावासाठी शाळेच्या कवायतीला वापरतात ते कापडी बूट पुरतात. माझ्या मापाचे परदेशी बूट मिळणे कठीण असल्यामुळे मी स्वतः बराच काळ तेच वापरले आणि त्यात कशाचीही उणीव भासली नाही. फक्त आत मऊ गादी असेल तर ती काढून टाका.

आणखी एक चांगला पर्याय आपल्याकडे सहज मिळतो, तो मॅटवरच्या कुस्तीच्या बुटांचा. तळ पातळ, रबर पकड घेणारे, घोट्यापर्यंत बांधलेले. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांचा लातूर जिल्हा आपल्याला शेजारीच आहे. कुस्तीचे साहित्य ठेवणाऱ्या तिथल्या दुकानात पायात घालून पाहता येतील.

एका गोष्टीकडे मात्र आवर्जून लक्ष वेधते, कारण तिचा दोष नेहमी बुटांच्या माथी मारला जातो. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटेचा, म्हणजे बारला लावायच्या वजनाच्या चकतीचा, व्यास 450 मिलिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. आपल्या भागातल्या अनेक जिममध्ये 10 आणि 15 किलोच्या लोखंडी प्लेटा त्याहून बऱ्याच लहान असतात. त्या लावल्या की बार खाली जातो, कंबर गोल होते, आणि माणूस म्हणतो की बूट बदलायला हवेत. आपल्या जिममधल्या बारची उंची टेपने मोजा. कमी भरली तर दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली सारख्या जाडीच्या लाकडी ठोकळ्या किंवा रबरी मॅटचे तुकडे घालून ती साडेबावीसपर्यंत आणा. हे काम बुटांच्या आधीचे आहे.

औसा रोड (लातूर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बुटांची चर्चा वर चांगली झाली आहे, मी घोट्याविषयी सांगतो.

अनवाणी भिंतीसमोर उभे राहा. एक पाऊल भिंतीकडे सरळ ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि टेकत असेल तर पाऊल थोडे थोडे मागे घ्या. टाच टेकलेली असताना गुडघा जेमतेम टेकतो त्या ठिकाणी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. साधारण 10 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर घोट्याची हालचाल पुरेशी समजावी. दोन्ही पायांचे मोजमाप घ्या, कारण दोन बाजूंमधला फरक अधिक बोलका असतो. अडते त्या क्षणी ताण मागे पोटरीत जाणवतो की घोट्याच्या पुढच्या बाजूस काहीतरी अडकल्यासारखे, चिमटल्यासारखे वाटते, याचीही नोंद करा. पोटरीचा ताण नियमित व्यायामाने कमी होतो. पुढे अडकत असेल तर नुसते ताण देऊन उपयोग होत नाही.

अनवाणी व्यायामाबद्दल आपल्या मित्रांचे म्हणणे चुकीचे नाही. मातीत घडलेल्या पायाची बोटे पसरतात आणि जमीन धरतात, हे सुदृढ पायाचे लक्षण आहे. पण आखाड्याची माती वेगळी आणि घामाने ओली झालेली शहाबादी फरशी वेगळी. शिवाय ज्यांना मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी जिममध्ये अनवाणी फिरूच नये; फरशीच्या कडेने झालेली जखम त्यांना कळतही नाही. याबाबतीत मी कोणालाही सूट देत नाही.

माझे मत असे की घोटा आखडलेला असताना उंच टाच घेऊन तो प्रश्न झाकू नये. आधी घोटा मोकळा करावा.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

आपण सर्वांनी एवढा वेळ दिला, मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व करून पाहिले. बार मी मानेजवळ उंच ठेवतो. डावा गुडघा 10 सेंटिमीटरवर टेकतो, उजवा मात्र 6 वरच अडतो आणि अडताना घोट्याच्या पुढच्या बाजूस चिमटा बसतो. कॉलेजात कबड्डी खेळताना तोच पाय मुरगळला होता. फळीवर 40 किलोने बसलो तेव्हा टाचा हलल्या नाहीत आणि छातीही झुकली नाही. बुटाच्या मागच्या बाजूच्या सुरकुत्या शहागंज सरांनी लिहिल्या तशाच, उजव्या बुटावर आतल्या अंगाला निघाल्या. ताई, बारची उंची 18 सेंटिमीटर भरली. ठोकळ्या करायला टाकल्या आहेत. आता बूट घ्यावेत की घोट्यावर आधी काम करावे?

औसा रोड (लातूर)

दोन पायांत चार सेंटिमीटरचा फरक आणि जुनी दुखापत, त्यात पुढून चिमटा. हा घोटा प्रत्यक्ष तपासल्याशिवाय व्यायाम सांगणे योग्य नाही. अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात दाखवा आणि मुरगळल्याची हकीकत सांगायला विसरू नका.

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

डॉक्टरांचे तपासणीबद्दलचे म्हणणे शिरोधार्य. एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते आदरपूर्वक मांडतो. घोटा मोकळा होईपर्यंत स्क्वॉट अडवून ठेवण्याची गरज मला वाटत नाही. जुन्या दुखापतीचा सांधा कधी कधी पूर्ण मोकळा होतच नाही, आणि तोवर टाच उचलत, गुडघा आत नेत बसणे हे अधिक नुकसानीचे. फळीवर आपली बैठक सुधारली, म्हणजे उंच टाच आपल्यासाठी उपयोगाची आहे. उपचार आणि बूट दोन्ही एकत्र चालू द्या. फक्त उजव्या टाचेखाली जास्तीचा तुकडा घालण्याचा मोह टाळा. त्याने कमरेचा तोल बिघडतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की उंच टाचेचा जोड स्क्वॉट आणि प्रेसला वापरा, बेंचलाही चालेल, आणि डेडलिफ्टला ताईंनी सांगितलेले कापडी बूट घ्या. एकच जोड घेणे शक्य असेल, तर कडक सपाट तळाचा घ्या आणि स्क्वॉटपुरती बैठकीची खोली घोट्याला झेपेल एवढीच ठेवा.

मागवताना एवढे सांभाळा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, व्यायामाचे मोजे घालून कागदावर दोन्ही पावलांची रेघ मारून घ्या आणि लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. कंपनीच्या तक्त्यात नंबर त्यावरून ठरवा, पळण्याच्या बुटांच्या नंबरावरून नव्हे, कारण ते आपण बहुधा सैल घेतो. पंजाची रुंदीही मोजा. लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलेल्यांचे पंजे रुंद असतात आणि अरुंद साच्याच्या बुटांत करंगळी चेपते. पट्टा आवळल्यावर तर जास्तच. टाच आत जराही सरकता कामा नये, बोटे मात्र पसरता आली पाहिजेत. बूट आले की घरात सतरंजीवरच घालून खोल बसून पाहा आणि पट्टा आवळून पाच-दहा मिनिटे उभे राहा. तळाला फरशीची धूळ लागली की बरेच विक्रेते जोड परत घेत नाहीत, म्हणून खात्री होईपर्यंत ते जिममध्ये नेऊ नका.