शहरी शाळेतील सातवीच्या मुलांसाठी पर्यावरणाचा प्रत्यक्ष प्रकल्प सुचवावा

सातवीची_ताई
आमच्या शाळेला बाग नाही, मैदानावर फरसबंदी आहे आणि आठवड्याला एकच तास मिळतो. तक्ते आणि घोषवाक्ये पुष्कळ झाली. मुलांनी स्वतः मोजावे, नोंदी ठेवाव्यात आणि त्यातून एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधावे, असा सत्रभर चालणारा प्रकल्प हवा आहे. खर्चाची तरतूद नाही, त्यामुळे घरातल्या वस्तूंवरच भागवावे लागेल.

मातीवेडा
कंपोस्ट करा, दुसरे काही पाहूच नका. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळकी पाने घाला आणि ओलावा पिळलेल्या स्पंजाइतका ठेवा. दुर्गंधी आली तर ढिगाला हवा मिळत नाही, असे समजून तो वरखाली करावा. आमच्या शाळेतील ढीग आतून ६० अंशांपर्यंत तापतो आणि विस्तव नसताना ही उष्णता आली कुठून, असे मुले आपणहून विचारतात.

हवामापी
एकदाच काय तो खर्च करून हवेतील सूक्ष्मकण मोजणारा संवेदक घ्यावा. माझ्या गच्चीवरील संवेदक रात्रंदिवस नोंदी देतो आणि आलेख आपोआप तयार होतात.

पालक_प्रतिनिधी
ताईंनी खर्च नको म्हटले आहे. पांढऱ्या कार्डावर व्हॅसलीनचा पातळ थर देऊन एक कार्ड रस्त्याकडच्या खिडकीत आणि दुसरे मागच्या बाजूला टांगावे, मग भिंगातून एका चौरस सेंटिमीटरमधील ठिपके मोजावेत. माझ्या मुलीने हे केले आहे.

हवामापी
कार्डावर बसते ती जाड धूळ. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाहूनही बारीक. ते भिंगातून दिसणार नाहीत.

जुना_विज्ञानशिक्षक
आणि स्वस्त संवेदक दमट हवेत कणांचे प्रमाण वाढवून दाखवतात, कारण पाणी शोषून कण फुगतात. मातीवेडा यांनाही सांगावेसे वाटते, की तेवढी उष्णता टिकायला ढीग साधारण एक घनमीटरचा लागतो, बादलीत ती मिळत नाही. त्यापेक्षा एकाच वेळी झाडाच्या सावलीत आणि उघड्या फरशीवर तापमान घ्यावे. पाने बाष्प सोडतात म्हणून झाडाखाली नुसती सावलीच नव्हे, थोडा गारवाही असतो, हे मुलांना आकड्यांतून कळेल.

रोपटे
वृक्षारोपण मात्र करू नका. आमच्याकडे छायाचित्रे निघतात, सुट्टी लागते आणि पाण्यावाचून रोपे वाळून जातात. दरवर्षी नवे खड्डेसुद्धा खणावे लागत नाहीत, जुनेच रिकामे असतात. मुलांसमोर हे घडू देणे मला फार अन्यायाचे वाटते.

ओला_सुका
कंपोस्टच उत्तम. वर कोणी सुचवले असल्यास माझेही अनुमोदन.

सातवीची_ताई
सर्वांचे आभार. पूर्ण विचार करून आम्ही कोणी न सुचवलेला विषय घेत आहोत: शाळेवर पडणारा पाऊस जातो कुठे? सरळ बाजूंची बाटली वरून कापून तोंड उलटे बसवू, तळात खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरू आणि तिथे शून्याची रेघ मारू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे ४०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पडला तर ४,००० लिटर पाणी होते. छप्पर मुलेच टेपने मोजतील आणि फरशीवरचे पाणी कोणत्या गटारात जाते, तेही नकाशावर काढतील.

जुना_विज्ञानशिक्षक
भिंतीपासून अंतर भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट ठेवा, नाहीतर पाऊस अडतो. वाचन रोज एकाच वेळी घ्यावे.

मातीवेडा
पाऊस नसेल त्या आठवड्यांत काय करणार? तेव्हा तरी कंपोस्ट करा.

सातवीची_ताई
त्या आठवड्यांत गळक्या नळांखाली मोजपात्र ठेवून एका तासात किती पाणी जाते ते मोजू. कंपोस्टसाठी जागा मुळीच नाही.